विश्लेषण : उपनगरी रेल्वेसाठी परदेशी डबे… जकार्ताने जपानऐवजी चीनची वाट का धरली? मुंबईसाठी त्यात धडा काय?

इंडोनेशियाची राजधानी जकार्ता आणि आसपासच्या शहरांतून रोज सुमारे दहा लाख प्रवासी ‘कम्युटरलाइन’ या उपनगरी रेल्वेने ये-जा करतात. दोन दशके ही सेवा जपानने वापरून निवृत्त केलेल्या डब्यांवर चालली. २०२३ मध्ये सरकारने जुन्या जपानी गाड्यांच्या आयातीला नकार दिला आणि प्रवाशांच्या वाट्याला आली ती प्रतीक्षा. पुढे चीनमधून नव्या कोऱ्या गाड्या मागवाव्या लागल्या. जुने स्वस्त डबे घ्यायचे, नवे महाग आयात करायचे, की देशी कारखान्याला संधी द्यायची, हा पेच केवळ जकार्ताचा नाही. वातानुकूलित लोकलची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मुंबईकरांनाही तो ओळखीचा वाटेल.

जपानचे जुने डबे जकार्तात कसे आले?

इंडोनेशियातील रेल्वेमार्गांची रुंदी १,०६७ मिलिमीटर आहे आणि जकार्ताच्या उपनगरी मार्गांवरील ओव्हरहेड वायरमधून १,५०० व्होल्टचा डीसी विद्युतप्रवाह मिळतो. टोकियो परिसरातील बहुतेक उपनगरी मार्गांवर रुळांची रुंदी आणि विद्युतप्रवाह नेमका हाच आहे. त्यामुळे जपानमध्ये निवृत्त झालेली गाडी किरकोळ बदल करून जकार्तात चालवता येते.

याची सुरुवात २००० मध्ये झाली. टोकियोच्या भुयारी मार्गावरील ‘६०००’ मालिकेचे ७२ डबे इंडोनेशियाला देणगीदाखल मिळाले. वातानुकूलित, टापटीप आणि भरवशाचे डबे प्रवाशांना आवडले. मग टोक्यू, टोकियो मेट्रो आणि जेआर ईस्ट या जपानी रेल्वे कंपन्यांकडून एकामागून एक मालिका विकत घेण्यात आल्या. २०१३ पासून जेआर ईस्टच्या ‘२०५’ मालिकेचे डबे मोठ्या संख्येने आले आणि तेच या सेवेचा कणा बनले. डब्यांबरोबर देखभालीचे प्रशिक्षण आणि सुटे भागही मिळत गेले.

त्यामुळे प्रवाशांना काय मिळाले?

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची जकार्ताची लोकल आठवून पाहा. दारात लोंबकळणारे प्रवासी तर होतेच, पण शेकडो जण थेट टपावर बसून प्रवास करत. त्यांना रोखण्यासाठी रंगाचे फवारे मारून झाले, कारवाई करून झाली. २०१२ मध्ये तर रुळांवर कमानी उभारून त्यांना काँक्रीटचे गोळे टांगण्यात आले. टपावर बसणाऱ्याच्या डोक्याला गोळा लागेल, या भीतीने तरी लोक खाली उतरतील, असा तो उपाय होता. जगभरातील माध्यमांनी त्याची छायाचित्रे छापली.

पण खरा फरक गोळ्यांनी पडला नाही. तो पडला डब्यांची संख्या वाढल्यावर. २०१३ मध्ये बिगरवातानुकूलित ‘इकॉनॉमी’ गाड्या बंद झाल्या, इलेक्ट्रॉनिक तिकीट आले, अंतरानुसार भाडे ठरले आणि स्थानकांत विनातिकीट शिरणे अवघड झाले. गाड्या लांब झाल्या, दारे बंद राहू लागली. टपावरचा प्रवास इतिहासजमा झाला. २०१९ मध्ये या सेवेने ३३ कोटी ६० लाखांहून अधिक प्रवाशांची वाहतूक केली. दुसऱ्या देशाने बाजूला काढलेल्या डब्यांवर एका महानगराने एवढी मजल मारली, हे विसरून चालणार नाही.

मग २०२३ मध्ये नकार का मिळाला?

जुन्या डब्यांनाही वयोमर्यादा असते. सुटे भाग मिळेनासे होतात, मूळ कंपनी ते बनवणे थांबवते, मग एका गाडीचे भाग काढून दुसरी चालवावी लागते. २०२३ मध्ये १० आणि २०२४ मध्ये १९ अशा २९ गाड्या निवृत्त कराव्या लागतील, असा अंदाज ही सेवा चालवणाऱ्या ‘केसीआय’ या सरकारी कंपनीने मांडला. त्यांची जागा घेण्यासाठी जेआर ईस्टच्या ‘ई २१७’ मालिकेचे ३४८ डबे, म्हणजे बारा डब्यांच्या २९ गाड्या आणण्याचा तिचा प्रस्ताव होता.

उद्योग मंत्रालयाने हरकत घेतली. पूर्व जावातील मादियून येथे ‘इन्का’ हा सरकारी रेल्वे कारखाना असताना परदेशातील जुना माल कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. वाद वाढल्यावर ‘बीपीकेपी’ या सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेला तपासणी करण्यास सांगण्यात आले. तिचा अहवाल आयातीच्या विरोधात गेला. हे डबे वापरलेल्या वस्तूंच्या आयातीच्या निकषांत बसत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. ‘ई २१७’ मालिका १९९४ पासून जपानमध्ये धावत होती. म्हणजे सर्वांत जुने डबे तीन दशकांच्या उंबरठ्यावर होते. वाहतुकीच्या खर्चाचा अंदाजही अहवालाला पटला नाही. अखेर जून २०२३ मध्ये सरकारने जुन्या डब्यांच्या आयातीचा विषय संपवला.

आकडे खरे, तरी निष्कर्ष वादग्रस्त का?

या अहवालातील एक मुद्दा जगातल्या कोणत्याही लोकल प्रवाशाने समजून घ्यावा असा आहे. २०१९ मध्ये १,०७८ डबे उपलब्ध होते आणि प्रवासी ३३ कोटी ६३ लाख. २०२३ मध्ये वापरायोग्य डबे १,११४ आणि अपेक्षित प्रवासी २७ कोटी ३६ लाख. म्हणजे डबे वाढले, प्रवासी घटले. वर्षभराची सरासरी काढली तर गाड्या जेमतेम ६३ टक्के भरतात. मग टंचाई कसली, असा युक्तिवाद होता.

पण सरासरी गर्दीतून कोणी प्रवास करत नाही. दुपारी दोन वाजताचा रिकामा डबा आणि सकाळी साडेसातचा खचाखच भरलेला डबा यांची बेरीज करून दोनाने भागले की आकडा देखणा येतो, पण सकाळी दारात अडकलेल्या प्रवाशाला त्याचा उपयोग नसतो. गर्दीच्या वेळी गाड्या क्षमतेपेक्षा जास्त भरतात, हे याच तपासणीत मान्य करण्यात आले होते. त्यात मे २०२२ मध्ये मांगाराई या जंक्शनवर मार्गांची फेररचना झाली होती आणि बेकासी-चिकारांगकडून येणाऱ्या हजारो प्रवाशांना तिथे गाडी बदलणे भाग पडले होते. एकाच फलाटावर लोटणारी गर्दी वार्षिक सरासरीत दिसत नाही.

उद्योग मंत्रालयाची बाजूही टाकाऊ नव्हती. जुने डबे स्वस्तात मिळत राहिले तर देशी कारखान्याला मोठी मागणी कधीच मिळणार नाही आणि मागणी नसेल तर त्याचे कौशल्यही वाढणार नाही. चूक धोरणात नव्हती, वेळापत्रकात होती. देशी गाड्यांची मागणी निवृत्तीच्या चार-पाच वर्षे आधी नोंदवायला हवी होती. तहान लागल्यावर विहीर खोदायला घेतली की पाणी विकतच आणावे लागते.

चीनच्या गाड्या कशा आल्या?

‘केसीआय’ने ‘इन्का’कडे १६ नव्या गाड्यांची मागणी नोंदवली. सुमारे चार लाख कोटी इंडोनेशियन रुपियांचा हा व्यवहार आहे. पण त्या तयार होईपर्यंतची तूट भरून काढण्यासाठी तीन नव्या गाड्या तातडीने आयात करायचे ठरले. जानेवारी २०२४ च्या अखेरीस चीनच्या ‘सीआरआरसी सिफांग’शी ७८३ अब्ज रुपियांचा करार झाला. भारतीय चलनात ढोबळमानाने चारशे कोटी रुपयांहून अधिक. बारा डब्यांच्या तीन गाड्या, म्हणजे ३६ डबे. एका डब्यामागे ११ कोटी रुपयांच्या आसपास खर्च.

दरम्यान आणखी एक हिशेब चुकला. १९ जुन्या गाड्यांचे नूतनीकरण करण्याची योजना होती, ती दोन गाड्यांवर आली आणि चीनकडील मागणी तीनवरून ११ गाड्यांपर्यंत गेली. आता बेरीज करून पाहा : चीनच्या ११, ‘इन्का’च्या १६ आणि नूतनीकरणाच्या दोन. एकूण २९. जेवढ्या गाड्या जपानमधून जुन्या आणायच्या होत्या, नेमक्या तेवढ्याच. गरज पहिल्या दिवसापासून तेवढीच होती. बदलली ती किंमत आणि तारीख.

गाडी बंदरात उतरली म्हणजे धावली का?

नाही. परदेशी डब्यांच्या बातम्यांत सर्वाधिक गैरसमज याच टप्प्यावर होतो. करारानंतर आराखडा, मग बांधणी, कारखान्यातील चाचण्या आणि सागरी प्रवास. चीनमधील पहिली गाडी जकार्ताच्या तांजुंग प्रियोक बंदरात उतरली ती जानेवारी २०२५ च्या अखेरीस, म्हणजे करारानंतर वर्षभराने. प्रवाशांना घेऊन ती धावली जून २०२५ मध्ये.

मधल्या चार महिन्यांत काय होते? डबे एकेक करून बोटीतून उतरवून आगारात नेले जातात आणि जोडले जातात. फलाट आणि पायदान यांतील अंतर, वळणावरील डब्याचा झोक, ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर, सिग्नल यंत्रणेशी जुळवणी, वायरमधून ओढली जाणारी वीज हे सर्व आधी उभ्या गाडीवर, मग रिकाम्या धावत्या गाडीवर आणि शेवटी वजन भरून तपासले जाते. मोटरमन आणि देखभाल कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही याच काळात होते. या चाचण्यांना कात्री लावून उद्घाटनाची तारीख गाठणे शक्य असते, पण त्याचा भुर्दंड पुढे बिघाडांच्या रूपाने प्रवासीच भरतात.

मुंबईला परदेशी डबे का चालत नाहीत?

मुंबईची लोकलही परदेशी डब्यांवरच सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने पहिली विजेवरची गाडी धावली. तिचे डबे इंग्लंड आणि जर्मनीतील कारखान्यांतून आले होते आणि विद्युतप्रवाह जकार्तासारखाच १,५०० व्होल्ट डीसी होता. गेल्या दशकात मुंबई पूर्णपणे २५ हजार व्होल्ट एसीवर गेली. भारतीय रुळांची रुंदी १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे टोकियोचा निवृत्त डबा मुंबईला फुकट मिळाला तरी रुळावर उभा राहणार नाही. आपल्याला डबे आपल्याच मापाने शिवून घ्यावे लागतात, म्हणून चेन्नईच्या ‘आयसीएफ’सारखे कारखाने आणि तिथली क्षमता यांना पर्याय नाही.

परदेशी गाड्यांचा जवळचा अनुभव हवा असेल तर चेंबूर ते जेकब सर्कल या मोनोरेलकडे पाहावे. गाड्या मलेशियाच्या ‘स्कोमी’ कंपनीच्या. डिसेंबर २०१८ मध्ये या कंपनीच्या भागीदारीतील कंत्राट रद्द झाले आणि सुट्या भागांची चणचण, मोजक्या गाड्या आणि लांबलेल्या फेऱ्या हेच मोनोरेलचे प्राक्तन झाले. नव्या गाड्या अखेर हैदराबादच्या कंपनीकडून घ्याव्या लागल्या. गाडी एकदा विकत घेता येते, पण तिचे भाग तीस-पस्तीस वर्षे मिळत राहावे लागतात.

मुंबईकरांनी काय पाहावे?

मुंबईत पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. ‘एमयूटीपी-३’ला २०१६ मध्ये आणि ‘३ अ’ला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. या दोन्हींत मिळून ४७ आणि १९१ अशा २३८ वातानुकूलित गाड्या आहेत. त्यांच्यासाठी २,८५६ डब्यांची निविदा निघाली २०२५ मध्ये. दरम्यान त्याच वर्षी ९ जूनला मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी धावत्या गाडीतून पडले आणि त्यांतील काहींनी जीव गमावला. बंद दारांची गाडी ही आता चैन उरलेली नाही.

जकार्ताच्या अनुभवातून तीन प्रश्न हाती लागतात. नव्या गाड्यांची तारीख सांगितली जाते, तेव्हा ती आगारात येण्याची असते की प्रवाशांना घेऊन धावण्याची? येणाऱ्या गाड्यांइतक्याच जुन्या गाड्या त्याच काळात निवृत्त होणार असतील, तर फेऱ्या खरोखर किती वाढतील? आणि देखभाल व सुट्या भागांची हमी करारात किती वर्षांची आहे? मुंबईच्या निविदेत ३५ वर्षांच्या देखभालीची अट आहे, ही त्यातली जमेची बाजू. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र प्रत्येक घोषणेच्या वेळी मागावी लागतील. कारण जकार्तात गोळे टांगून टपावरचे लोक उतरले नाहीत, ते उतरले डबे वाढल्यावर. मुंबईच्या दारात लोंबकळणारेही आत जातील ते सूचनांनी किंवा दंडाने नव्हे, तर आत जागा झाल्यावरच.