ग्रंथपाल निवृत्त होताना

आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल चौतीस वर्षांच्या सेवेनंतर नुकतेच निवृत्त झाले. समारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पाच भाषणे. जवळजवळ प्रत्येक वक्त्याने त्यांना 'चालताबोलता ज्ञानकोश' म्हटले आणि आम्हीही मनापासून टाळ्या वाजवल्या. परतताना मात्र आम्हा प्राध्यापकांना एक गोष्ट खटकत राहिली. एका माणसाची स्मरणशक्ती हीच ग्रंथालयाची खरी तालिका असेल, तर तो केवळ गौरवाचा विषय आहे की चिंतेचाही?

त्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. आमच्यापैकी एकीला एम. फिल.च्या प्रबंधिकेसाठी 'विविधज्ञानविस्तार'चे जुने अंक हवे होते. 1867 ते 1937 अशी सत्तर वर्षे चाललेले हे मासिक आमच्या ग्रंथालयात असल्याची नोंद दाखल-वहीत नव्हती. ग्रंथपालांनी क्षणभर विचार केला आणि माळ्यावरचा एक गठ्ठा खाली उतरवला. एका वकिलांच्या घरून देणगी म्हणून आलेल्या त्या गठ्ठ्यात काही सुटे अंक होते. त्या दिवशी आम्हाला त्यांचे कौतुक वाटले. ते अंक नोंदवून घ्यावेत, असे मात्र आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

दोष एकट्या कोणाचा नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याआधारे शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकांची संख्या पाहिली जाते. वाचकाला नेमके पुस्तक सुचवणे, विस्मृतीत गेलेला अंक शोधून देणे, या कामांना त्या तक्त्यात रकाना नाही. ही ग्रंथालये संस्था चालवितात. त्यामुळे त्यांचे सेवक शासकीय कर्मचारी ठरत नाहीत, आणि वेतनश्रेणी व सेवाशर्ती मिळाव्यात ही त्यांची मागणी फार जुनी आहे. ज्यांना आपण ज्ञानकोश म्हणतो, ते निवृत्तिवेतनाविना घरी जातात. शालीची ऊब तेवढ्यापुरतीच असते.

'आता सारे संगणकावर येईल' असे समारंभात एका वक्त्याने सांगितले. संगणकाला आमचा विरोध नाही. परंतु दाखल-वहीत जे नाही ते संगणकात कोठून येणार? मराठीत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'त प्रथम 1800 ते 1937 आणि नंतर 1938 ते 1950 या काळातील मराठी ग्रंथांच्या नोंदी सिद्ध केल्या. आज मराठी साहित्याचा अभ्यासक या सूचीवर विसंबू शकतो, कारण दात्यांनी आपले ज्ञान स्मरणात न ठेवता कागदावर उतरवले. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतही वाचकाचा वेळ वाचवण्याला स्थान आहे. तो वेळ चांगल्या नोंदींनी वाचतो. एका व्यक्तीच्या हजेरीवर तो अवलंबून राहू नये.

म्हणून आमचे म्हणणे असे. निवृत्त ग्रंथपालांना सहा महिने मानधन देऊन सन्मानाने पुन्हा बोलवावे. त्यांनी सांगावे आणि आमच्या विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे : कोणत्या देणगीत काय आले, कोणते खंड अपुरे आहेत, बाइंडिंगमध्ये कोणती पाने उलटसुलट लागली आहेत. त्यांच्या जागी प्रशिक्षित, पूर्णवेळ ग्रंथपाल नेमावा. अनुदान अपुरे पडत असेल, तर उरलेला भार गावाने उचलावा. ज्यांनी भाषणे केली त्यांनी वर्गणीची सुरुवात करावी.

यात आमचाही वाटा आहे आणि तो मान्य करावयास हवा. आम्ही वर्षानुवर्षे साहित्याचा इतिहास शिकवला, पण वर्ग घेऊन या ग्रंथालयात एकदाही गेलो नाही. परीक्षेपुरती मार्गदर्शिका पुरते, हे विद्यार्थी आमच्याकडूनच शिकले. ही चूक दुरुस्त करण्यासाठी आमच्यापैकी तिघांनी दर शनिवारी दुपारी विद्यार्थ्यांसह ग्रंथालयात बसण्याचे ठरवले आहे. सुरुवात माळ्यावरच्या त्या गठ्ठ्यापासून करू.