काकवी ज्वारीचीही!

काकवी म्हटली की ती उसाची, असे आपण धरूनच चालतो. आमच्या कन्नड विभागातील मित्रांची काकंबीही उसाचीच. पण ज्याच्या विहिरीचा तळ मार्चमध्येच दिसू लागतो, त्या शेतकऱ्याने गोड पीक घ्यायचेच नाही काय? माझे म्हणणे असे की, त्याने थोडी गोड ज्वारी लावावी आणि घरापुरती काकवी घरीच करावी. ऊस वर्षभर शेत अडवून बसतो. ही ज्वारी सुमारे चार महिन्यांत उरकते, शिवाय कणसाचे दाणे पदरात पडतात ते वेगळेच.

ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. अमेरिकेत १८५० नंतरच्या दशकात हे पीक गेले आणि केंटकी, टेनेसीकडे त्याची काकवी आजही होते. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'मधुरा' ही जात काढून तिच्या रसाची काकवी केली.

कृती अवघड नाही, चिकाटीची आहे. दाण्यातला चीक आटून तो घट्ट होऊ लागला की धाटे तोडावीत, पाने व शेंडे काढावेत. घाई नको, कोवळ्या ज्वारीत विष असते, हे गुराख्यालाही ठाऊक आहे. रसवंतीवाल्याला विनवून धाटे चरकातून काढावीत. रस गाळून दोन-तीन तास हलवू नये, म्हणजे पिष्ट तळाशी बसते. वरचा रस तेवढा अलगद ओतून घ्यावा. हे टाळले तर काकवी खाली लागते, नाहीतर तिची खळ होते. मग त्याच दिवशी पसरट कढईत रस आटवावा. हिरवट मळी येईल तितकी काढत राहावे. सारी चव त्या झाऱ्याच्या हाती! उष्णता १०८ ते ११० अंश सेल्सिअसवर गेली की कढई उतरवावी. काकवी निवताना आणखी दाटते, तेव्हा चुलीवरच दाट करण्याचा हट्ट नको.

तिच्याकडून गुळाची ढेप मात्र मागू नये. या रसात ग्लुकोज व फ्रुक्टोज उसाच्या रसापेक्षा अधिक असल्याने तो सहजी कणी धरत नाही. साखर करू पाहणाऱ्याला हा दोष, काकवी करणाऱ्याला गुणच.

जळणाचे काय, हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक विचारतीलच. प्रश्न रास्त आहे. दहा लिटर रसाची जेमतेम लिटर-सव्वा लिटर काकवी होते. बाकीचे पाणी उडवायला लाकूड लागते. वाळलेली चिपाडे थोडा भार उचलतात, पण त्यांच्यावर गुरांचाही हक्क आहे. म्हणून विक्रीचा हिशेब मी मांडतच नाही. घरच्या फडताळापुरते बोलतो, आणि तेवढ्याला बांधालगतचे दोन वाफे पुरेत.