प्रतिशब्दांचा पेच

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूर हे गाव तेथील जुन्या बारवेमुळे अलीकडे सर्वदूर ठाऊक झाले. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची ही बारव गाळातून मोकळी झाली, तिची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि इंग्रजी वाचकांसाठी ती ‘स्टेपवेल’ झाली. त्या इंग्रजीवरून पुन्हा मराठी लिहू लागणाऱ्यास ‘पायऱ्यांची विहीर’ असे लिहिण्याचा मोह होतो. अर्थ जवळपास तोच. परंतु घरचा शब्द उंबरठ्यावर उभा असताना परदेशातून फिरून आलेल्या शब्दाला पाट मांडून द्यावा, असा हा प्रकार आहे.

आपल्या शाळांतून इंग्रजी शब्दसंग्रह ज्या रीतीने शिकविला जातो, तिच्याकडे या निमित्ताने पाहिले पाहिजे. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि दुसऱ्या दिवशी घोकंपट्टी. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. वहीतील ती रेघ मात्र तशीच राहिली. इंग्रजी शब्दांचे स्पॅनिश प्रतिशब्द पाठ करणाऱ्याला लॅटिन वारशामुळे निम्मे काम आयते होऊन मिळते. तरीही तो फसतो. ‘एम्बारासादा’ हा स्पॅनिश शब्द इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’ सारखा दिसतो; त्याचा अर्थ ‘ओशाळलेली’ नव्हे, तर ‘गरोदर’ असा आहे. आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. हिंदीतील ‘शिक्षा’ मराठी वर्गात आली की छडी होते. (स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. तिच्याकडून आलेला ‘पगार’ प्रत्येक कारकुनाच्या तोंडी आहे आणि त्याचा मराठी प्रतिशब्द शोधण्याची निकड आजवर कोणाला भासलेली नाही!)

मराठवाड्याला हा पेच नवा नाही. निजामाच्या राजवटीत १९१७ साली हैदराबादेत भाषांतराचे स्वतंत्र खाते निघाले, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि गणितापासून वैद्यकापर्यंतच्या विषयांसाठी उर्दू परिभाषा घडविण्यात आली. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण ती देशी भाषा मराठवाड्यातील मराठी मुलाची नव्हती. त्याने घरी एक शब्द ऐकावा, परीक्षेत दुसरा लिहावा. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि परिश्रमपूर्वक घडविलेले ते शब्द कपाटात गेले. दप्तरातले शब्द मात्र इतक्या सहजी गेले नाहीत. ‘मावेजा’ आणि ‘गुत्तेदार’ हे आजही मराठवाड्यात बोलले जातात. नुकसानभरपाई आणि कंत्राटदार म्हटल्याने त्यांचे काही अडत नाही.

अडते ते जुने कागद वाचताना. महसुली उर्दूत ‘बंदोबस्त’ म्हणजे जमिनीची मोजणी, प्रतवारी व सारा-आकारणी. आजच्या वाचकाला तो शब्द पोलिसांची आठवण करून देतो. उर्दूत ‘कायदा’ म्हणजे रीत किंवा नियम, आणि आपण ज्याला कायदा म्हणतो तो ‘कानून’. अक्षरे ओळखीची, अर्थ परका. सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची किती निकड आहे हे सर्वांना कळले. आरक्षणाच्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या कुटुंबाची जमीन वा जातीचा दाखला एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून असेल, तर जुन्या महसुली शब्दांचा छोटासा सोदाहरण कोश प्रत्येक तलाठ्याच्या हाताशी असावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्याची अडचण याहून निकट आहे. वालूरसारख्या गावातील मुलगी दहावीपर्यंत त्वरण, संवेग, जडत्व, आम्लारी शिकते. अकरावीला विज्ञान घेऊन ती सेलूला किंवा परभणीला जाते आणि एका सुट्टीत तिच्या पायाखालची सारी परिभाषा बदलते. तिला विषय येत असतो. विषयाची नवी नावे येत नसतात. पहिल्या चाचणीत गुण घसरले की आपणच मंद आहोत अशी तिची समजूत होते, आणि घरचे लोक ‘कला शाखेला जा’ असे सुचवू लागतात. पाठ्यपुस्तकांत पुष्कळ संज्ञांपुढे कंसात इंग्रजी संज्ञा दिलेली असते, हे खरे. पण परीक्षेत जे विचारले जात नाही ते वर्गात बहुधा वाचले जात नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती आली. हा कोश अजून वापरात आहे, कारण शब्दापुढे शब्द ठेवून तो थांबत नाही; शब्द कोठे व कसा चालतो हेही तो सांगतो. वर्गातही हेच करावयाचे आहे. आठवीपासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत, एकेका पूर्ण वाक्यात, मुलांकडून लिहवून घ्यावी. दहावीची परीक्षा संपल्यानंतरच्या सुट्टीत पंधरा दिवस भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या संज्ञांची अशी उजळणी गावातल्याच शाळेत घेता येईल. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक खडू, एक फळा आणि रोज तासभर देणारा शिक्षक एवढ्यावर हे काम येत्या उन्हाळ्यात सुरू होऊ शकते.