वामनवृक्षासाठी बेलच उचित

उथळ कुंडीत वृक्ष वाढवून त्यास मोठ्या झाडाचे रूप देण्याची कला चीनमध्ये उगम पावली व जपानमध्ये विकसित झाली. आपल्याकडे अशा झाडास वामनवृक्ष म्हणतात. शहरांत या वृक्षांची हौस असल्याने चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रोपवाटिकाधारकांनी जोडधंदा म्हणून त्यांचा विचार करणे योग्यच आहे. मात्र कोणते झाड निवडावे व ते कोठून आणावे, या दोन प्रश्नांवर या धंद्याचे यशापयश अवलंबून आहे.

या कलेत चिनी क्विन्स या झाडास मोठा मान आहे. ज्याचे बी बाजारात बिहीदाणा म्हणून मिळते, त्या झाडाचा हा आप्त होय. सोलून निघणारी साल, गुलाबी फुले व पिवळी सुवासिक फळे ही त्याची वैशिष्ट्ये. परंतु हे थंड हवेचे झाड आहे. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाल्यावाचून ते नीट फुलत नाही. चंद्रपूरचा उन्हाळा तर पारा ४५ अंशांवर नेणारा. अशा हवेत हे झाड लावून ग्राहकास विकणे म्हणजे त्याचा विश्वास गमावणे होय.

आपला बेल मात्र याच हवेत वाढलेला आहे. इंग्रजीत त्यालाही ‘बंगाली क्विन्स’ म्हणतात, परंतु कुळाने तो लिंबू-संत्र्याचा सोयरा आहे. उन्हाळ्याच्या आरंभी तो पाने टाकतो व नवी पालवी घेतो. ऊन व अवर्षण सोसतो. वामनवृक्षास हेच गुण हवेत.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. खडकाळ माळावर व टेकडीवर गुरांनी खाल्लेली, खुरटलेली जुनी झाडे आयतीच वामनवृक्षासारखी दिसतात. ती उपटून आणण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. अशा झाडांची मुळे खडकात खोल गेलेली असतात. ती तुटली की बहुतेक झाडे मरतात. अनेक वर्षांत वाढलेले झाड एका दिवसात नष्ट होते. शिवाय राखीव वनातून झाड उपटणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा हक्काबरोबर वन राखण्याची जबाबदारीही येते. फळ गोळा करणे वेगळे, झाडच नेणे वेगळे.

म्हणून रोप बियांपासूनच करावे. आवारातील अथवा बांधावरील झाडाचे पिकलेले फळ उन्हाळ्यात घ्यावे. बियांवरील चिकट गर धुऊन काढावा व बी ताजे असतानाच पेरावे. पहिली चार-पाच वर्षे रोप जमिनीत अथवा मोठ्या कुंडीत वाढवून खोड जाड होऊ द्यावे. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर मुळे बेताने छाटून ते उथळ कुंडीत लावावे. कुंडीस छिद्रे असावीत. माती, कुजलेले शेणखत व जाड वाळू यांचे मिश्रण पाणी निथळून जाईल असे असावे. फांदीस वळण देणारी तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी. उन्हाळ्यात सकाळ-सायंकाळ पाणी द्यावे व दुपारच्या उन्हात सावली करावी. लिंबावरील फुलपाखराची अळी बेलाची पाने खाते. ती हाताने वेचावी.

ग्राहकास फळांचे आश्वासन मात्र देऊ नये. बियांच्या रोपास फळ येण्यास अनेक वर्षे लागतात, आणि कुंडीत झाड लहान झाले तरी फळ त्या मानाने लहान होत नाही.

हा धंदा झटपट पैशाचा नाही. चार-पाच वर्षे थांबावे लागते. तथापि भाजीपाल्याच्या रोपांबरोबर दरवर्षी थोडी बेलाची रोपे धरल्यास पुढे दरवर्षी विक्रीस झाडे तयार होत जातील. ग्राम-कार्यकर्त्यांनी हौशी तरुणांना हाच मार्ग दाखवावा. वनातील बेल वनातच राहील, आणि रोपवाटिकेतील बेल घरास चार पैसे मिळवून देईल.