झूम लेन्स पिशवीत ठेवा

रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढू लागलेल्या नवशिक्याला दोन तऱ्हेचे गुरू भेटतात. एक म्हणतो, दिसू नकोस. कॅमेऱ्याची चाहूल लागली की माणूस पोझ देतो आणि फोटो मरतो. दुसरा म्हणतो, विचारल्याशिवाय बटण दाबणं ही चोरीच. मला दोघेही पटत नाहीत. पण दुसऱ्याची नियत तरी साफ आहे, म्हणून आधी त्याला उत्तर.

रघू राय यांचा चर्चगेट स्टेशनवरचा 1995 चा फोटो आठवा. पेपर वाचणारे जागच्या जागी स्थिर, आणि मंद शटरमुळे भोवतीची गर्दी नुसती वाहते आहे. यात परवानगी कोणाकोणाची घ्यायची होती? सूनी तारापोरवाला, केतकी शेठ यांनी टिपलेली मुंबईही या नियमापुढे टिकली नसती. शहराच्या दफ्तरी पुढारी, नट आणि लग्नातली जोडपी तेवढी उरली असती. आपला कायदासुद्धा सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी करत नाही.

हीच कायद्याची ढाल पहिला गुरू पुढे करतो तेव्हा मात्र सावध व्हावं. महालक्ष्मीच्या पुलावर जाऊन पाहा. खाली धोबीघाटावर माणसं कपडे आपटतायत, वर कठड्याला टेकून कुणीतरी 200 मिमीची लेन्स रोखलेली. याला म्हणे सहज टिपलेला क्षण! मग मलबार हिलवर मोटारीतून उतरणाऱ्या शेठजींवर ही लेन्स का रोखली जात नाही? वॉचमन हटकेल म्हणून. म्हणजे लपण्याची ही कला ज्याच्याकडे वॉचमन नाही, त्याच्यापुरतीच. फूटपाथवर झोपलेला हमाल, तोही कृष्णधवल, हा या पंथाचा लाडका विषय उगाच नाही.

मग वॉकर इव्हान्सचं नाव पुढे येतं. त्याने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले, हे खरंच. पण त्या फोटोंचं पुस्तक आलं 1966 मध्ये. आपले शिष्य दादर यायच्या आत फोटो इन्स्टाग्रामवर टाकून मोकळे!

माझं म्हणणं असं, की न विचारता फोटो काढा, पण समोर उभं राहून. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला 35 मिमीची लेन्स लावा, एफ/8 वर फोकस अडीच मीटरला ठेवा. साधारण पावणेदोन ते पाच मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. फोकस शोधत कॅमेऱ्यामागे दडावं लागत नाही, आणि एवढ्या अंतरावरून त्या माणसालाही तुम्ही दिसता. दादरच्या फूलबाजारात पहाटे हे करून पाहा. झेंडूच्या ढिगामागून एखादी मावशी खेकसेल, ‘‘ए, काय काढतोयस रे?’’ खरी शिकवणी इथून सुरू होते. थांबायचं, स्क्रीन दाखवायची, नको म्हणाली तर तिच्यादेखत फोटो पुसायचा. पुष्कळदा ती मान हलवून पुन्हा हार ओवायला लागते. ऐन धंद्याच्या वेळी पोझ द्यायला फुरसत आहे कुणाला?

वृत्तछायाचित्रकाराचं काम निराळं, त्याला दुर्घटनाही टिपाव्या लागतात. हौशी माणसाने मात्र झोपलेल्याचा, नशेत पडलेल्याचा, मयताजवळ रडणाऱ्याचा फोटो घेऊ नये. त्यांना ‘नको’ म्हणता येत नाही. फोटोवॉक भरवणाऱ्यांना एकच विनंती: पहिल्या सकाळी मुलांना पुलावर नेऊ नका, खाली बाजारात न्या.