पेटी केवढी, हा मानाचा प्रश्न नाही

हार्मोनियम घ्यायला निघालेल्या माणसाला आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पहिला सल्ला एकच मिळतो : मोठी घे. गाणार कोण, बसणार कुठे, वाहून कोण नेणार, हे कोणी विचारत नाही. शहाद्यात विचारा, तळोद्यात विचारा, नवापुरात विचारा, यादी तीच. तीन सुरांची, कपलरवाली, स्केल चेंजर, पुढे स्टॉपची भरगच्च रांग. लहान पेटीचं नाव काढलं की समोरचा हसून अहिराणीत म्हणतो, "धाकली पेटी काय कामनी, भो?"

या हसण्यामागे एक उतरंड आहे. मोठी पेटी म्हणजे शास्त्रीय, तयारीचा, पुरुष वादक. लहान पेटी म्हणजे शिकाऊ, शाळेच्या प्रार्थनेची, नाहीतर बायकांच्या भजनाची. आणि हे एकाच बाजूने चालतं असं समजू नका. भजनातले काही जुने लोक उलटा शिक्का तयार ठेवतात : स्केल चेंजर घेऊन आला म्हणजे ऑर्केस्ट्रावाला, शायनिंग मारणारा, खरा भक्त साध्या पेटीवर वाजवतो. दोन्ही बाजू एकच चूक करतायत. पेटी हे वादकाचं ओळखपत्र आहे असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं असं की पेटीचा आकार हे फक्त एका गरजेचं उत्तर आहे. गरज न विचारता आकारावरून माणसाची पायरी ठरवली, की वर्गणीचा पैसा वाया जातो आणि गाणारी माणसं मागे पडतात.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे हा आजार मला ओळखीचा आहे. एक्सेलमध्ये हजेरी भरायला 32 जीबी रॅमचा लॅपटॉप घेणारी माणसं मी रोज बघतो. काम काय आहे हे ठाऊक नसलं की माणूस आकडे मोजतो. पेटीच्या बाबतीतही तेच. म्हणून आधी पेटी उघडून बघू.

आत पितळेचे सूर असतात, म्हणजे रीड. भात्याने हवा दाबली, पट्टी दाबून झडप उघडली, की हवा त्या सुरावरून जाते आणि तो थरथरतो. लांब सूर खालचा स्वर देतो, आखूड सूर वरचा. दोन सुरांच्या पेटीत प्रत्येक पट्टीमागे दोन रीड, तीन सुरांच्या पेटीत तीन. कपलर लावला की एका पट्टीबरोबर वरच्या किंवा खालच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दबते, म्हणजे एका बोटाखाली सहा रीड वाजतात. आवाज भरदार होतो, पण सहा रीडना हवाही तितकी लागते. डावा हात सतत भात्यावर राबतो. शिवाय हे सगळे सूर एकमेकांशी जुळलेले राहिले पाहिजेत. जितके सूर जास्त, तितकी बिघडायची ठिकाणं जास्त. स्टॉपचं म्हणाल, तर त्यातले काही फक्त एक सूर अखंड धरून ठेवण्यासाठी असतात.

या सुरांना नावं काय दिलीत तेही बघा. जाड आवाजाचा सूर 'नर', बारीक आवाजाचा 'मादी'. दुकानात सर्रास विचारतात, "नर-मादी देऊ की खर्ज-नर-मादी?" पितळेच्या पट्टीलाही आपण लिंग चिकटवलं, मग लहान पेटी बायकांची ठरली यात आश्चर्य कसलं?

आता मोठी तीच खरी आणि लहान म्हणजे तडजोड, या समजुतीकडे येऊ. हार्मोनियम युरोपातून आली. 1840च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या अलेक्झांडर दबेनने तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची, टेबलाएवढी वस्तू होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता मारण्याजोगी, जमिनीवर मांडी घालून वाजवण्याजोगी केली. म्हणजे तुमची तीन सुरांची, नऊ स्टॉपची, अभिमानाची पेटीसुद्धा मुळात कुणाची तरी 'लहान पेटी' आहे. कापून, आटोपशीर करून, आपल्या बसण्याच्या पद्धतीला जुळवून घेतली म्हणून ती घराघरात पोचली.

मोठ्या वाद्याला कारण नव्हतं असं नाही. संगीत नाटकांच्या काळात पायपेटी होती, पुढे ऑर्गन आला. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत, 1913 नंतर, ऑर्गनची साथ ही त्या गाण्याची ओळखच बनली. पण तेव्हाची थिएटरं आठवा : माइक नाही आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोचवायचा आहे. शिवाय ते धूड हलवायला कंपनीकडे माणसं होती. आकाराला काम होतं. आज गावातल्या सप्ताहात पेटीसमोर माइक असतो आणि मंडपाच्या चारही कोपऱ्यांत कर्णे असतात. आवाज मोठा करायचं काम अॅम्प्लिफायर करतो. मोठ्या पेटीचं जुनं कारण संपलं, मान मात्र तसाच राहिला.

शिक्के मारण्याची किंमत पेटीने स्वतः मोजली आहे. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत चालली. हे परकं वाद्य आहे, यात मींड निघत नाही, याच्या स्वरांनी आपले कान बिघडतात, असे आक्षेप होते. त्यातल्या काहींत तथ्य होतं. पेटीत मींड खरंच निघत नाही. पण वाद्याच्या मर्यादेवरून ते वाजवणाऱ्यांची लायकी ठरवणं, हे तीस वर्षं चाललं. त्या काळात मैफलींत, नाटकांत, भजनांत पेटी वाजतच राहिली, म्हणून ती टिकली. आज अप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर आठवताना कोणी त्यांच्या पेटीत किती सूर होते हे सांगत नाही. जो तुच्छतेचा चष्मा आकाशवाणीने सगळ्या पेट्यांना लावला, तोच आपण आता पेटीवाले एकमेकांना लावतोय.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे : लहान पेटीत सप्तकं पुरत नाहीत. मग मोजूनच बघू. तीन सप्तकांच्या साध्या पेटीला 37 पट्ट्या असतात, पांढरी एकपासून पांढरी एकपर्यंत. गाणारा काळी एकमध्ये गातोय असं धरा. मधला सा चौदाव्या पट्टीवर येतो. खाली पूर्ण मंद्र सप्तक मिळतं, वर तार सप्तकात शुद्ध निषादापर्यंत जाता येतं. आता गाणारी बाई काळी चारमध्ये गाते असं धरा. मधला सा एकविसाव्या पट्टीवर. मंद्र सप्तक पूर्ण, त्याखालीही आठ पट्ट्या शिल्लक, आणि वर तार सप्तकातला शुद्ध गंधार मिळतो. आपली भजनं, गौळणी, आरत्या यातल्या बहुतेकांना एवढं पुरतं. तार पंचमापर्यंत जाणारी गायिका असेल तर जास्त पट्ट्यांची पेटी घ्या, जरूर घ्या. पण ते तिच्या गळ्याकडे बघून ठरवा, कॅटलॉगकडे बघून नाही.

आता आमच्या जिल्ह्याचा भूगोल घ्या. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या सातपुड्यातल्या गावांत पेटी जीपने जाते, बऱ्याचदा टपावर. वळणं, खड्डे, उन्हाळ्याची धूळ, पावसाळ्याची ओल. साधी दोन सुरांची पेटी एक माणूस उचलतो. तीन सुरांची स्केल चेंजर पंधरा किलोच्या पुढे जाते, तिला दोघं लागतात. स्केल चेंजरची सगळी पट्ट्यांची चौकट आतल्या आत सरकते. हेच तिचं वैशिष्ट्य, आणि धक्के खाऊन हेच आधी बिघडतं. पेटीच्या सुरांसाठी नावाजलेलं पालिताणा शेजारच्या गुजरातेत आहे, पण सूर जुळवणारा कारागीर डोंगरातल्या गावात नाही. बिघडलेली पेटी शहरात न्यायची म्हणजे एक दिवस, भाडं आणि 'पुढच्या महिन्यात या'.

याचा परिणाम मी शहादा तालुक्यातल्या एका गावात पाहिलाय. गावाने वर्गणी काढून मोठी स्केल चेंजर आणली. ती देवळाच्या कपाटात कुलपात असते, कारण महागाची आहे. किल्ली एका काकांकडे. ती बाहेर निघते सप्ताहात आणि गणपतीत. महिला मंडळाला जुनी लहान पेटी देऊन टाकली : "तुम्हाला हीच बरी." त्या पेटीच्या चार पट्ट्या बसलेल्या, भाता फुसफुसतो, सूर कित्येक वर्षांत जुळवलेले नाहीत. आणि मग तेच लोक म्हणतात, बायकांचं भजन बेसूर असतं.

इथे नीट बोलायला हवं. बायकांना लहान पेटी दिली हा अपमान नाही. बेसूर पेटी दिली हा अपमान आहे. त्या मंडळाला मोठी पेटी नकोच होती, एक मावशी मला म्हणाल्या, "आम्हाला उचलता येईल अशी दे, पण सुरात असलेली दे." एकादशीला या घरी, सोमवारी त्या घरी, अशी त्यांची पेटी फिरते. गावात सगळ्यात जास्त वाजणारी पेटी तीच आहे. वर्गणीचा पैसा मात्र कुलपातल्या पेटीवर गेला. आकाराला मान दिला की वापराला पैसा उरत नाही, तो असा.

मोठी पेटी कोणी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. एकल वादन करायचंय, वेगवेगळ्या पट्ट्यांत गाणाऱ्या पाच जणांना एकापाठोपाठ साथ करायचीय, पेटी एका जागी राहणार आहे, जुळवायला माणूस जवळ आहे, तर स्केल चेंजर घ्यावी. बोटं न बदलता पट्टी बदलणं ही खरी सोय आहे. पण सोयीला तयारी म्हणू नका. कुठल्याही पट्टीत बोटं फिरवता येणं ही तयारी, आणि ती साध्या पेटीवरच घडते.

आमच्याच जिल्ह्यात काठीच्या होळीला मोठाले ढोल असतात आणि हातभर बासऱ्याही असतात. रात्रभर दोन्ही वाजतात. बासरीवाल्याला कोणी 'शिकाऊ' म्हणत नाही.

तर पुढच्या वेळी तुमचं मंडळ, शाळा किंवा घर पेटी घ्यायला निघेल, तेव्हा दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. कोण गाणार आणि कुठल्या पट्टीत. आठवड्यातून किती वेळा वाजणार. कोण उचलणार. बिघडली तर कोण जुळवणार आणि त्याचे पैसे कुठून येणार. ही उत्तरं मंडळातल्या बायकांना आणि शिकणाऱ्या पोरींनाही विचारून लिहा, नुसतं काकांना विचारून नको. मग जी पेटी येईल ती घ्या, लहान असो वा मोठी. उरलेल्या पैशात कपाटातल्या जुन्या पेटीचे सूर जुळवून आणा, आणि कुलूप काढून टाका.