तोट्याचे धनी कोण?

वीज मंडळाच्या तोट्याचा विषय निघाला की बोट रोखले जाते ते शेतकऱ्याच्या पंपाकडे आणि कामगाराच्या पगाराकडे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. खाजगी भांडवलाला जेथे नफा दिसत नव्हता, त्या खेड्यापाड्यांत तारा नेल्या त्या याच मंडळाने. जनतेच्या पैशावर आणि खांबावर चढणाऱ्या कामगारांच्या जिवावर. मंडळाचे अध्यक्ष व सभासद मात्र सरकारने नेमावयाचे, अशी कायद्याचीच तरतूद होती.

या सरकारनियुक्त नेतृत्वाच्या हातूनच १९९३ साली एन्रॉनचा करार झाला. दर डॉलरशी जखडलेला. वीज उचला वा न उचला, स्थिर आकार भरलाच पाहिजे. १९९५ साली युती सरकारने करार रद्द केला आणि वर्षभरातच, दोन्ही टप्प्यांसह, तो पुन्हा गळ्यात बांधून घेतला. १९९९ मध्ये दाभोळची वीज आली. २००१ मध्ये बिले भागवेनात व प्रकल्प बंद पडला. सह्या करणाऱ्यांपैकी कोणी काय भरून दिले?

शिक्षा झाली ती मंडळाला. २००५ साली त्याचे तुकडे करण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये वीज कामगारांनी अदानी समूहाच्या समांतर वितरण परवान्याच्या मागणीविरुद्ध संप केला. नफ्याची शहरे खाजगीकडे आणि तोट्याची खेडी सरकारकडे, या वाटणीलाच तो विरोध होता.

सार्वजनिक मालकी म्हणजे मंत्र्यांची मालकी नव्हे. ग्राहक व कामगार यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी संचालक मंडळांवर असल्याखेरीज आणि प्रत्येक वीज करार सहीपूर्वी जनतेसमोर आल्याखेरीज हा तोटा थांबणार नाही. कार्यकर्त्यांनी गावोगावी हीच मागणी मांडली पाहिजे.